एकच चौकडा, घराघराची खूण

आमच्या वाडीत नवा कपडा पोराच्या अंगावर चढायच्या आधी त्याच्यावर खूण चढते. ही रीत कुणी घातली ते मला विचारू नका. मी लग्न होऊन या बंदरावर आले तेव्हापासून बघते आहे. जाळ्याच्या बोयांवर, म्हणजे पाण्यावर तरंगतात त्या गोळ्यांवर, प्रत्येक घराची आपापली खूण असते. तीच मासळीच्या टोपलीवर, तीच ताडपत्रीच्या कोपऱ्यावर, तीच हंड्याच्या काठाखाली. कुणाची फुली, कुणाच्या दोन उभ्या रेघा, कुणाचं नुसतं टिंब. हे इतकं अंगात मुरलं आहे की बायका पोरांच्या कपड्यांनाही गळ्यामागे, आतल्या बाजूने, जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने खूण घालतात. चार घरचे सदरे दोरीवर वाळत असले, वाऱ्याने खाली पडून एकत्र झाले, तरी गोंधळ नाही. गळा उलटा करायचा, आपलं ते उचलायचं.

ह्याच खुणेने मागच्या वर्षी आगोटीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी चालू असताना, माझ्या मागे एक काम लावून दिलं. ते सांगायचं तर आधी शाळेच्या कपड्यांचं सांगायला हवं.

सातवीपर्यंतची शाळा आमच्या वाडीतच आहे, बंदराला लागून. आठवीपासूनचं हायस्कूल वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर, पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून गेलं की. सड्याच्या पलीकडे शेतकऱ्यांची वाडी, तिथे त्यांची वेगळी शाळा. या तिन्ही शाळांचे कपडे पूर्वी तीन तऱ्हेचे होते. आमच्याकडे पांढरा सदरा, पलीकडे पिवळट, हायस्कूलला तपकिरी. त्यातून हायस्कूलचा रंग मधूनच बदलायचा. का बदलायचा ते बदलणाऱ्यालाच माहीत. थोरला मुलगा वर गेला की त्याचे खालच्या शाळेचे कपडे धाकट्याला होत, ते ठीक. पण धाकटा वर जाईपर्यंत थोरल्याच्या हायस्कूलच्या कपड्यांचा रंग बाद झालेला असे. मग त्या सदऱ्यांनी होडीचं इंजिन पुसायचं. किती धड सदरे तेलात गेले असतील. मी शिवणारी, माझ्याच हातचे काजे त्या तेलकट बोळ्यात दिसायचे आणि जीव हळहळायचा.

मग काही वर्षांमागे तिन्ही शाळांनी मिळून पालकांची सभा घेतली. ठरलं काय, तर पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना एकच कपडा. कापड कुठूनही घ्या, दापोलीतून घ्या नाहीतर रत्नागिरीहून आणा, कुणाकडूनही शिवून घ्या, घरी शिवा. कपड्यावर छापलेलं काही नको, शाळेचं नाव हवं तर पट्टीवर लिहून पिनेने लावायचं. सभेला बायकाच जास्त, कारण बापये कोण बोटीवर, कोण मुंबईला. एकच कपडा म्हणताना सगळ्यांच्या माना हलल्या, पण रंगावर गाडी अडली. हायस्कूलच्या सरांचं म्हणणं पडलं, पांढरा सदरा शोभून दिसतो.

मागून एक जण म्हणाली, “सर, तुमचा सदरा कोण धुतं?”

“घरी धुतात,” सर म्हणाले.

“मग त्यांना विचारून या. आम्ही बसतो.”

सर स्वतःच हसले आणि पांढरा गेला. आमची माती तांबडी, पांढऱ्यावर बसली की कपडा जन्मभर भाजल्यासारखा दिसतो. शेवटी आकाशी चौकडा ठरला. मुलींना चौकड्याचा कुडता आणि गडद निळी सलवार, मुलग्यांना चौकड्याचा सदरा आणि निळी पँट. चौकड्यात डाग हरवतो, हे एका म्हातारीचं मत, आणि ते सर्वांना पटलं. ती म्हातारी मी नव्हे, माझ्याहून म्हातारी.

पहिल्या वर्षी सगळ्यांनाच नवे कपडे करावे लागले, तेव्हा कुरकुर झाली. दुसऱ्या वर्षापासून गंमत कळायला लागली. थोरल्याचा धाकट्याला, बहिणीचा मावसबहिणीला, आमच्या वाडीतला सड्यापलीकडच्या वाडीत, कपडा कुठेही जाऊ लागला. मागच्या वर्षी एक दिवस वाडीतल्या शाळेच्या बाईंनी वर्गातलं एक लोखंडी कपाट रिकामं केलं. बाई कोल्हापूरकडच्या. बदली होऊन आल्या तेव्हा त्यांना पापलेट आणि हलवा यांतला फरक कळत नव्हता, आता आम्हाला बाजारात दर सांगतात. त्या म्हणाल्या, “लहान झालेले कपडे धुऊन ह्यात ठेवायचे. ज्याला लागतील त्यानं न्यायचे. कुणी दिलं, कुणी नेलं, विचारायचं नाही. काकी, तुम्ही तेवढं उसवलं-फाटलं बघा.”

मी मे महिनाभर ते बघितलं. माझी पोरं मुंबईला, घरी मी आणि मशीन. गठ्ठे यायचे आणि मी बटणं लावायची, कोपर झिजलं असेल तर आतून तुकडा द्यायची, आतली दुमड सोडायची. कपाट वरपर्यंत भरलं.

पण कपाट उघडलं त्या दिवशी काय झालं सांगते. बायका आल्या, रांग केली, आणि हातात कपडा आला की माप बघायच्या आधी प्रत्येकीने गळा उलटा केला. कपडे टाकताना खुणा काढायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी त्या गळ्याच्या शेजारी टीप मारली होती, पण हिरवा दोरा माझ्या डोळ्यांना दिसतच नाही इतका तो सवयीचा. आणि मग चालू झालं.

“ह्यो त्यांच्या घरचा. ह्यांनी गणपतीत आमच्या आरतीला येणं सोडलंय.”

“ह्यो नको बाय. उद्या आमचं पोर ह्यांच्या पोराशी भांडलं की म्हणतील, अंगातलं काढ.”

“हा कुणाचा? टिंब? टिंबवाल्यांचा चालेल मला. देऊन बोलणाऱ्यांतले नव्हेत ते.”

बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्याकडे कापडाला कापड म्हणतात, इथे कापडाला घर असतं. दिवस संपला तेव्हा कपाट अर्ध्याहून जास्त तसंच भरलेलं. बाई मला म्हणाल्या, “काकी, एवढे चांगले कपडे, आणि नेत कोण नाही बघा. कुठं चुकलं?”

मी म्हटलं, “चुकलं नाही. बायका लाजतात, नेतील हळूहळू.” पण मला तेव्हा दुसऱ्याच एका गोष्टीचा घोर लागला होता.

माझे दोन पुतणे, सख्खे भाऊ, पाखाडीवर एकाचं घर वर आणि एकाचं खाली. दोघांची मिळून एक बोट होती. वाटे करताना बोट थोरल्याकडे राहिली आणि धाकटा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, ते मी इथे लिहीत नाही, मला दोघंही सारखे. घराची खूण फुली होती, ती थोरल्याने ठेवली. धाकट्याने फुलीखाली एक रेघ ओढून आपली वेगळी केली. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. भावांचं एक वेळ समजू, ते समुद्रावर जातात, वारा खातात. पण त्यांच्या बायका, थोरली आणि धाकटी, दोघी जावा एका विहिरीवर पाणी भरायच्या आणि एकमेकींकडे अशा बघायच्या की मधे भिंत आहे.

धाकटीची मुलगी मागच्या वर्षी सातवी पास होऊन आठवीला निघाली होती, म्हणजे वर हायस्कूलला. पोर हुशार, आणि उंच. आमच्या घराण्यातच ती उंची आहे, माझे सासरे दारातून वाकून आत यायचे. ह्या पोरीचे हात तर असे लांब की गेल्या वर्षीच्या कुडत्याची बाही कोपरापाशी पोचली होती. कपाटातला एकही कुडता तिच्या मापाचा नव्हता. एक सोडून. तो थोरलीच्या मोठ्या मुलीचा. ती दहावी होऊन दापोलीला कॉलेजला गेली होती. तीही तशीच लांब.

धाकटी पोरीला घेऊन माझ्या पडवीत आली. मी कपाटातले कुडते घरी आणून ठेवले होते. एक घातला, आखूड. दुसरा, खांद्यात बसेना. तिसऱ्याला खालून पट्टी जोडून बघते म्हटलं, पण जोडलेला चौकडा कधी जुळत नाही, रेघ तुटते, दुरून दिसतं. शेवटी मी गठ्ठ्याच्या तळाचा तो लांब कुडता काढला आणि काही न सांगता तिच्या हातात दिला.

तिने घातला. हात वर केले, खाली केले, वळून पाठ बघितली.

“आज्ये, हा बसला गो.”

खरंच बसला होता. बाही मनगटाच्या जरा वर राहत होती तेवढीच. बाकी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिच्यासाठीच बेतल्यासारखा. धाकटी उठली, तिने पोरीची वेणी बाजूला केली आणि गळा उलटा केला. नुसती फुली. खाली रेघ नाही.

“काढ,” ती म्हणाली.

“आये, पण...”

“काढ म्हटलं ना.”

पोरीने काढला, घडी केली, माझ्या मशीनवर ठेवला.

मी म्हटलं, “गो, खूण मी आत्ता उसवून देते. दोन मिनिटांचं काम.”

“खूण उसवाल काकी. पण एवढा लांब कुडता ह्या वाडीत आणखी कुणाच्या पोरीचा असणार? लोकांना डोळे नायत? बोट पण त्यांची आणि आमच्या पोरीच्या अंगावर कपडा पण त्यांचा. ती बोलणार नाय काही, मला ठाऊक हाय. पण बघेल. तिचं ते बघणं मला नको.”

“मग काय करणार?”

“नवा घेणार. नारळी पुनवेला बोटी सुटल्या, दोन फेऱ्या झाल्या की लगेच. तोवर रंगीत घालून जाईल. सर काय हाकलून देणार हायत?”

पोर म्हणाली, “सगळ्या वर्गात मी एकटी रंगीत? मी नाय जाणार.”

“मग बस घरी तोवर.”

“बसते.”

दोघी निघून गेल्या आणि मला चहा गोड लागेना. रागाने म्हटलेलं ‘बसते’ पुढे खरं होतं, हे मी वाडीत बघितलं आहे. पावसाचे दोन महिने पोर घरी राहिली की तिला घरातली कामं चिकटतात. पाणी ती भरते, भाकऱ्या ती करते, धाकट्या भावंडांना ती सांभाळते. घराला तिची सवय होते. मग ऑगस्टात नवा कपडा आला तरी घालून जायला ती मोकळी नसते. कोणी तिला शाळा सोड म्हणत नाही. आपोआप सुटते. सड्यावरचं हायस्कूल काही लांब नाही, पण आठवीच्या पहिल्या दिवशी जी पायऱ्या चढली नाही तिला त्या मग फार उंच होतात. ह्या पोरीचं तसं होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. दोघा भावांची बोट मला सोडवता येत नव्हती. कुडता तरी सुटावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी एकटी आली. हातात बोचकं. उघडलं तर तिच्या मुलीचे पाचवी-सहावीतले दोन कुडते आणि सलवारी, धुतलेल्या, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेल्या. गळ्यामागे फुली आणि खाली रेघ, जशीच्या तशी.

“हे ठेवा कपाटात,” ती म्हणाली. “ह्यांना गिऱ्हाईक कोण ते मला ठाऊक हाय.”

मलाही कळलं. थोरलीची लहान मुलगी पाचवीतून सहावीत जात होती. तीही लांबच.

“मी फुकटचं घ्यायची नाय. त्यांनी हे न्यावं, मग मी ते नेईन. पण आधी त्यांनी.”

मी म्हटलं, “अगो, कपाटाचा नियमच आहे, घेतलं-दिलं विचारायचं नाही.”

“नियम कोल्हापूरचा हाय. आपल्याकडे ताट रिकामं परत जातं काय?”

आमच्याकडे कुणी वाटीभर सांजा पाठवला तर वाटी धुऊन तशीच परत पाठवत नाहीत, कोकमाची दोन सोलं तरी घालतात. तिचं म्हणणं मला पटलं आणि अडचणही कळली. मी संध्याकाळी पायऱ्या उतरून थोरलीकडे गेले.

थोरली खळ्यात लाकडं झाकत होती. मला बघून हात पुसले, चूल पेटती होतीच, चहा ठेवला. सुकटीचा डबा उघडा होता, त्याला झाकण लावलं. तिला माणसाकडे बघून ओळखता येतं कोण कशाला आलं ते.

“काकी, तुम्ही एवढ्या पायऱ्या उतरलात. निरोप हाय काय कुणाचा?”

“निरोप नाही. कपाटात तुझ्या धाकट्या मुलीच्या मापाचे दोन कुडते आलेत. छान आहेत. येऊन घेऊन जा.”

“कुणाचे?”

“कपाटाचे.”

ती हसली. “काकी, कपाटाला कधीपासून पोरं झाली?”

मग मी सांगितलं कुणाचे ते, आणि धाकटी काय म्हणाली तेही. थोरलीने चहा गाळला, माझ्यापुढे ठेवला, स्वतः बसली.

“मी माझ्या पोरीचे कपडे कपाटात ठेवले तेव्हा कुणाला द्या, कुणाला नको, म्हटलं? नाय ना. तिच्या पोरीला होतात, तर तिने न्यावेत. मी आधी ठेवलेत, तर आधी तिने उचलावं. आणि मी कशाला उचलू? आमच्या घरी बोट हाय. मी कपाटातलं नेलं तर वाडी म्हणेल, बोटवाली असून दुसऱ्याचं घालते.”

“मग ज्यांच्याकडे बोट नाही त्यांनीच न्यायचं?”

मी माझ्याच त्या शब्दांवर थबकले, कारण बाईंना जे मी सांगू शकले नव्हते ते मला त्या वेळी नीट कळलं. ज्यांना नवं परवडतं त्या बायका कपाटात टाकत होत्या, काढत नव्हत्या. तर मग जी काढायला येईल तिच्यावर आपोआप छाप बसत होती. खूण गळ्यामागे नसती तरी बसली असती. एकसारखा कपडा सगळ्यांना केला, पण कपाटापाशी दोन रांगा केल्या आम्ही, एक देणाऱ्यांची आणि एक घेणाऱ्यांची.

मी थोरलीला तेवढंच म्हटलं, “तू नेलंस तर बाकीच्यांना न्यायला जड जाणार नाही. बघ.”

“बघते,” ती म्हणाली. ‘बघते’ म्हणजे आमच्याकडे बहुतेक वेळा ‘नाही’.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले तेव्हा बाईंनी निरोप फिरवला, उरलेले कपडे शेवटचे बघून जा, मुलांना बरोबर आणा. दोघी जावा आपापल्या पोरीला घेऊन आल्या. एकमेकींना बघितलं तेव्हा दोघींची पावलं एकदम थांबली, पण दारात आल्यावर परत कशा जाणार. धाकटी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, थोरली फळ्याकडे. मी मधे, कपाटाला टेकून; पडवीतले कुडते मी परत त्यात आणून ठेवले होते. बाईंना भाऊबंदकी ठाऊक नाही. त्यांनी धाकटीच्या पोरीकडे बघितलं, थोरलीच्या लहान मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ह्या दोघी सख्ख्या बहिणी काय? काय उंची काढलीय.”

बाईंनी तो लांब कुडता काढला आणि धाकटीच्या पोरीला म्हणाल्या, “हा तुझाच दिसतोय. घाल बघू.” पोरीने आईकडे बघितलं नाही. अंगातल्या फ्रॉकवरूनच तो चढवला. धाकटीचे ओठ हलले, पण बाईंसमोर ‘काढ’ म्हणवेना.

थोरलीचं लक्ष फळ्यावरून हललं. तिने पोरीकडे बघितलं. धाकटीला ज्याची भीती होती ते हेच बघणं. मीही तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पण ती पोरीच्या हातांकडे बघत होती.

“काकी,” ती मला म्हणाली, “बाही आखूड पडतेय.”

“पडतेय थोडी.”

“सांगा, आत दुमडलेली हाय. आमची चिखलात हात घालायची म्हणून मी वर घेतली व्हती. आत चांगलं बोटभर कापड हाय. सोडली की मनगटाच्या खाली येईल.”

धाकटी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “काकी, विचारा, हातशिवण हाय की मशीनची? मशीनची असली तर उसवताना कापड जाईल.”

“सांगा त्यांना, हातशिवण. मीच घातलेली. दोरा ओढला की अख्खी निघते.”

“विचारा, दुमडीची रेघ उरेल काय?”

“सांगा, उरेल.”

बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. मी काही सांगत नव्हते आणि काही विचारत नव्हते. दोघींना एकमेकींचं लख्ख ऐकू येत होतं.

मग थोरली कपाटापाशी आली. वरचे धाकटीचे दोन कुडते तिने ओळखले असणार, इस्त्री बघूनच ओळखले असणार, सगळ्या वाडीत तशी घडी कुणाची नाही. तिने लहान मुलीच्या पाठीला एक लावून बघितला. माप झालं. गळा उलटा केला नाही. दोन्ही कुडते, सलवारी पिशवीत घातल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या दोन-चार बायकांच्या मधून निघून गेली. त्या बायका तिच्या पिशवीकडे बघत होत्या. बघू देत. ती नेमकी त्याच दाराने गेली, मागचं दार उघडं असून.

ती गेल्यावर धाकटी खिडकीपासून वळली. पोरीच्या अंगातला कुडता खांद्यापाशी सारखा केला.

“चल,” ती म्हणाली. “आजीकडून बाही सोडून घेऊ.”

त्या दाराशी उभ्या राहिलेल्यांपैकी एक बाई आत आली आणि बाईंना म्हणाली, “आमच्या पोराच्या मापाची पँट हाय काय बघू. फुलीवाल्यांची असली तरी चालेल.” सगळ्याच बायका त्या दिवशी शहाण्या झाल्या असं मी म्हणणार नाही. काही कपडे अजूनही त्या कपाटात पडून आहेत, त्यांच्या खुणा मी तुम्हाला सांगू शकते. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून खुणा काढूनच कपडे घेऊ. मी म्हटलं, काढून बघा. इथल्या बायका बिनखुणेचा कपडा टाकणार नाहीत आणि बिनखुणेचा नेणारही नाहीत, कुणाचा कोण जाणे म्हणतील.

मी बाही सोडली. थोरली म्हणाली होती तसं दोरा ओढला आणि अख्खी शिवण एका ओढीत निघाली. आतलं कापड नवं, गडद, बाहेरचं उन्हाने फिकं झालेलं, मधे दुमडीची रेघ. गरम पाणी लावून दाबली, पण हटेना. खुणेला मी हात लावला नाही. धाकटीनेही लाव म्हटलं नाही. दोन दिवसांनी बघितलं तर पोरीने स्वतःच फुलीखाली रेघ ओढली होती, जरा वाकडी.

शाळा उघडली त्या सकाळी ती धावत माझ्या पडवीत आली. सलवारीचा नाडा आत निसटला होता.

“आज्ये, लवकर कर ना. सगळ्या पुढे गेल्या.”

मी पिनेत नाडा अडकवून ओवून दिला. तिने गाठ मारली, दप्तर घेतलं आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढत सड्याकडे गेली. हायस्कूलच्या वाटेवर सगळा आकाशी चौकडा चालला होता, त्यात ती मिसळली. उंच म्हणून वळणापर्यंत दिसत राहिली, मग दिसेनाशी झाली.

थोरली विहिरीवर होती. धाकटी विहिरीलगतच्या आपल्या अंगणात भांडी घासत होती, मधे दोन हातांचं अंतर. बोटीचं काही ठरलेलं नाही, आजही नाही. थोरलीने हंडा काठावर ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “काकी, बाही सोडली काय?”

मी काही बोलायच्या आधी धाकटी म्हणाली, “सोडली.”

“रेघ दिसते?”

“दिसते थोडी.”

“जाईल,” थोरली म्हणाली. “दोन धुण्यांत जाईल.” आणि हंडा कमरेवर घेऊन पायऱ्या उतरू लागली.